कांजीच्या दोरीचे बूट

"मॅच चालू आहे आणि तुझ्या बुटाची लेस सुटली. मग कुणापुढं पाय करणार तू?"

खराडे सरांनी हे इतक्या मायेनं विचारलं की शेजारी बसलेल्या दोघा पंचांनी लगेच माना हलवल्या. कोल्हापूरच्या स्टेडियमच्या जिन्याखाली फुटबॉल पंच मंडळाची खोली होती. कोपऱ्यात झेंडे, भिंतीला टेकवलेली गोलपोस्टची फाटकी जाळी आणि मधोमध टेबलामागे मंडळाचे सेक्रेटरी खराडे सर. शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले होते, पण समोर येईल त्याला अजून विद्यार्थीच समजायचे. मी नुकतीच एक सराव मॅच खेळवून आले होते. त्या मॅचमध्ये माझी लेस दोनदा सुटली, आणि दोन्ही वेळा लाइन्समननं पळत येऊन ती बांधली. सर ते वरून बघत होते.

"लाइन्समन बांधेल की सर. आज बांधलीच," मी म्हटलं.

"आज सराव होता. उद्या तालमींच्या टीमांची मॅच असेल, लाइन्समन पलीकडच्या टोकाला असेल. मग काय, खेळाडूपुढं पाय करणार? बाळ, रेफ्रीनं कुणापुढं पाय करायचा नसतो. ज्याच्यापुढं पाय केलास त्याला कार्ड कसं दाखवशील?"

त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि राग त्याचाच आला.

माझा उजवा हात कोपराच्या खाली नाही. तो गेलेला नाही, आलाच नाही. लोकांचं एवढ्यावर समाधान होत नाही, त्यांना अपघात लागतो. म्हणून लहानपणी मी हात मागाच्या पट्ट्यात सापडला असं ठोकून द्यायची. आमच्या इचलकरंजीत घरोघरी माग, तिथं ते कुणालाही पटतं. एका हातानं मी भाकरी थापते, मोबाईलच्या दुकानात सोल्डरिंग करते, आणि मॅचमध्ये ॲडव्हांटेज देताना, म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवताना, रेफ्रीनं जे दोन हात पुढे करायचे असतात तिथे दीड करते. आजवर एकाही खेळाडूनं ते कळलं नाही म्हणून तक्रार केलेली नाही. लेससुद्धा मी एका हातानं आवळून खोचते. चालायला ते पुरतं, नव्वद मिनिटं पळायला पुरत नाही. चिकटपट्टीचे बूट मातीनं उघडायचे, आणि इलॅस्टिकची लेस घातली तर वळताना पाय आतल्या आत फिरायचा. सगळं करून झालं होतं.

आदल्या वर्षी मला परीक्षेला न बसवायला सरांकडे वेगळं कारण होतं. स्टेडियमवर बायकांना कपडे बदलायला खोली नाही, पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले होते. यंदा मी घरूनच किट घालून एसटीत बसून आले, तेव्हा ते कारण संपलं. आता लेसचं कारण निघालं. पंचाची परीक्षा सीझनमध्ये एकदाच व्हायची. यंदाही हुकली तर पुढच्या वर्षी तिसरं काहीतरी निघणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मग आपोआप आवळणारा बूट आणते," मी म्हणाले.

शेजारचे दोघे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची शिट्टी उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, "आण की. परीक्षेची मॅच सीझनच्या शेवटाला आहे. तोवर आण."

असा बूट परदेशात कुणीतरी केलाय एवढंच मी कधीतरी वाचलं होतं. आपल्याकडे तो मिळत नव्हता आणि मिळता तरी मला परवडला नसता. पण तोंडातून गेलं ते गेलं. परत येताना एसटीत मी तिकिटाच्या मागे बुटाचं चित्र काढलं. टाचेमागे एक मोटर, मोटरीला एक रीळ, रिळाला एक दोरी, आणि ती दोरी लेससारखी वरून नागमोडी फिरवलेली. मोटर फिरली की दोरी रिळावर गुंडाळणार आणि बूट आवळणार. कागदावर ते अगदी सोपं दिसत होतं.

पहिली मोटर मी खेळण्यातल्या गाडीची लावली. ती दोरी ओढायची नाही, नुसती रडायची. दुसरी सीडी प्लेअरची. तिनं दोरी ओढली, पण बटण सोडलं की सगळं पुन्हा ढिलं. तेव्हा कळलं की ओढणारी मोटर कुठेही मिळते, ओढून धरणारी मिळत नाही. ती शोधत मी कोल्हापूरच्या भंगार बाजारात गेले. तिथे मुश्ताकभाईचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा आणि खाली ढीग.

"काय पायजे ताई?"

"बंद केली की आहे तिथंच थांबणारी मोटर पाहिजे. कुणी उलटं ओढलं तरी न हलणारी."

"अशी माणसं बी मिळत न्हाईत," मुश्ताकभाई म्हणाला, पण उठून ढिगात शिरला. बराच वेळ नुसती खडखड ऐकू येत होती. मग तो कारच्या बाजूचा फुटका आरसा घेऊन बाहेर आला. "हे बघा. आतनं बटण दाबलं की आरसा वळतो, आन वळवला तिथं थांबतो. वाऱ्यानं हलतोय का? न्हाई हलत. आत बारकी मोटर हाय, तिचं दातं आडवं बसवल्यात."

मी ती तिथेच उघडली. मळसूत्रासारखा दांडा, त्यावर चाक. दांडा चाकाला फिरवणार, चाक दांड्याला फिरवू शकणार नाही. मला तर त्या मोटरीचा मुका घ्यावासा वाटला. दुसऱ्या पायासाठी त्यानं दुसऱ्याच गाडीचा आरसा काढला. ती मोटर जरा हळू चालायची, त्यामुळे माझा डावा बूट जन्मतःच आळशी निघाला. पॅक करताना मुश्ताकभाईनं चौकशी केली, हे कशाला. मी सांगितलं. परीक्षेची मॅच उत्तर वेस तालमीच्या टीमची आहे हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. तो उत्तर वेसचा निघाला.

"मग एक पेनल्टी आमास्नी," तो म्हणाला.

"तर मग मोटर ठेवा तुमच्याकडंच."

"बघा, ताई कशा उलटं ओढलं तरी हलत न्हाईत," असं म्हणून त्यानं पिशवी माझ्या हातात दिली.

रीळ म्हणून आईच्या शिलाई मशीनची बॉबिन घेतली. आईनं चार दिवस माझ्या नावानं खडे फोडले, पाचव्या दिवशी दुसरी बॉबिन स्वतःच आणून दिली, कारण बूट दोन होते. बटणं जळक्या मिक्सरमधली. झाकण नीट बसलं नाही की मिक्सर चालू होऊ देत नाहीत ती बारीक बटणं. ती मी प्रत्येक बुटाच्या आतल्या बाजूला, टाचेजवळ लावली. एका टाचेनं दुसऱ्या बुटाचं वरचं बटण दाबलं की बूट आवळणार, खालचं दाबलं की सैल होणार. हाताचं कामच नाही, एकाचं नाही की दोन्हींचं नाही. जुन्या मोबाईलच्या बॅटऱ्या माझ्या दुकानात पोत्यानं पडलेल्या होत्या. बुटात हे सगळं बसवायला कोल्हापूरच्या चप्पल गल्लीतल्या मानेमामांना गाठलं. चांगला नवा बूट टाचेत चिरायला त्यांचा हात धजेना. शेवटी मी सुरी मागितली तेव्हा त्यांनी ती माझ्या हाती न देता स्वतः चालवली, आणि टाचेमागे चामड्याचा असा सुबक खिसा शिवून दिला की तो बुटाबरोबरच जन्मला असावा.

अडलं ते दोरीपाशी. मासेमारीचं नायलॉन चामडं कापायचं, बुटाची लेस बॉबिनवर मावायची नाही. तेव्हा आपल्या गावाची आठवण झाली. नक्षीच्या साड्या विणणाऱ्या जकार्ड मागावर सुतं उचलायला बारीक, पिळदार सुती दोरी असते. दिवसभर वरखाली होऊन ती तुटत नाही. ती आणली. सूत घासू नये म्हणून यंत्रावर ते ज्यातून ओवतात ते चिनी मातीचे छोटे डोळे आणले, आणि बुटाच्या भोकांच्या जागी बसवले. दोरी त्यातून सरसर पळायला लागली. पण चार-पाच वेळा आवळून सोडली की तिला लव सुटायची, आणि ती लव बॉबिनमध्ये अडकायची.

माझे वडील, आप्पा, सायझिंगमध्ये कामाला होते. सूत मागावर चढण्याआधी त्याला कांजी लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. कांजीनं सुताची लव बसते आणि ते तुटत नाही. बुटाच्या या उद्योगावर आप्पा तोवर काहीच बोलले नव्हते. लव सुटलेली दोरी मात्र त्यांना बघवली नाही.

"असलं सूत घेऊन माग कोण चालवतंय? दे हिकडं," म्हणून ते दोरी घेऊन गेले.

मीही मागोमाग गेले. आत वाफ, उकडलेल्या पिठाचा वास, आणि तापलेल्या मोठाल्या पिंपांवरून सुताचा पांढरा पडदा सरकतोय. आप्पांनी माझी दोरी त्या पडद्याच्या कडेला जोडली. कांजीत बुडून, पिंपांवर वाळून ती पलीकडे निघाली तेव्हा इतकी गुळगुळीत होती की बोटातून निसटत होती. आप्पांनी ती कानाजवळ ताणून टिंग वाजवली.

"आता बघ," ते म्हणाले.

घरी गच्चीवर मी बूट चढवले. डाव्या टाचेनं उजव्या बुटाचं बटण दाबलं. गुर्रर्र आवाज झाला आणि बुटानं माझा पाय धरला. मग उजव्या टाचेनं डाव्याचं. तो आपल्या सवडीनं, पण आवळला. मी गच्चीभर पळाले, गिरक्या घेतल्या, उड्या मारल्या. खालच्या बाई भांडायला वर आल्या आणि बूट बघून भांडण विसरल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझे बूट नीट बांधलेले होते, आणि कुणीही बांधलेले नव्हते. मला रडूच आलं, आणि ते मी वाऱ्यावर ढकललं.

परीक्षेच्या दिवशी मैदानात मधोमध उभी राहून, सगळ्यांना दिसेल अशी, मी टाच टाचेवर मारली. गुर्रर्र. उत्तर वेसचा कॅप्टन वाकून बघायला लागला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, सेल संपला तर ढकलत न्यायचं काय?" स्टेडियम हसलं. खराडे सर पहिल्या ओळीत हाताची घडी घालून बसले होते. मी शिट्टी मारली.

पहिला हाफ अगदी माझा गेला. बूट पायाला घट्ट, डोकं शांत, शिट्टी वेळेवर. एकदाही मला खाली बघावं लागलं नाही. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून मॅचच्या आधी मैदानावर टँकरनं पाणी मारलेलं होतं. गवत ओलं होतं, बूट ओले झाले, याचं मला काही वाटलं नाही. पाण्यातच खेळ होतो फुटबॉलचा.

हाफ टाइमला बाकावर बसून पायांना जरा मोकळं करावं म्हणून मी सैल करायची बटणं दाबली. डावा सुटला. उजव्याची मोटर फिरली, पण बूट सुटेना. पुन्हा दाबलं. सुटायच्या ऐवजी तो आणखी आवळला. वाकून बघितलं. आप्पांची कांजी भिजून तिचा डिंक झाला होता. दोरी बॉबिनला चिकटली होती. बॉबिन उलटी फिरली की दोरी सुटण्याऐवजी उलट्या अंगानं तिच्यावर गुंडाळत होती. सुलटं दाबा की उलटं दाबा, बूट आवळतच जाणार होता. मी वायर उपटली. मोटर थांबली, पण आवळलेलं तसंच राहिलं. ओढून धरणारी मोटर मीच तर शोधून आणली होती.

लाइन्समन जवळ आला. "पाय बघ कसा झालाय. दोरी कापू का?"

"हात लावू नको."

"अगं, पण..."

"म्हटलं ना, हात लावू नको." खराडे सर तिकडून बघत होते. त्यांच्या नजरेसमोर त्या दिवशी कुणी माझ्या बुटाला हात लावलेला मला चालणार नव्हता.

दुसऱ्या हाफमध्ये मी कशी पळाले ते मला नीट आठवत नाही. आधी बोटं ठणकली, मग बधिर झाली, मग घोट्यापासून वर आग चढायला लागली. प्रत्येक पावलाला मी मनातल्या मनात सरांना एक शिवी देत होते, आणि त्या सरल्या तेव्हा पहिल्यापासून सुरू केल्या. पण पळाले. बॉल जिथे गेला तिथे मी गेले. शेवटी शेवटी समोरच्या टीमचा पोरगा बॉल घेऊन पेनल्टी बॉक्समध्ये शिरला आणि उत्तर वेसच्या कॅप्टननं मागून त्याचा पाय उडवला. मी शिट्टी मारून पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात केला.

कॅप्टन अंगावर आला. "लांबनं दिसलं व्हय मॅडम?"

"लांबनं कुठं? मी हितंच हाय," मी म्हटलं. मी खरंच तिथे होते, त्याच्यापासून दोन पावलांवर. त्यानं माझ्याकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं, आणि मागे सरला. प्रेक्षकांत एकच गलका उठला. त्या सगळ्या गोंधळात मला एक आवाज ओळखू आला. मुश्ताकभाई ओरडत होता, "माझी मोटर परत द्या!"

मॅच संपली. मी बाकापर्यंत आले आणि बसले. उजवा पाय बुटाच्या वर सुजून आला होता. लोक पांगले तसे खराडे सर आले. त्यांनी पायाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. वाईट माणूस नव्हता तो. विजारीची फिकीर न करता ते ओल्या मातीत एक गुडघा टेकून बसले आणि खिशातून चाकू काढला.

"पाय इकडं कर, बाळ."

मी पाय बाकाखाली घेतला.

"नको सर. रेफ्रीनं कुणापुढं पाय करायचा नसतो."

ते तसेच बसून राहिले. चाकू उघडा, गुडघा मातीत. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते आणि नजर काढणार नव्हते, पाय गळून पडला असता तरी. शेवटी त्यांनी चाकू मिटला, उठले, गुडघ्याची माती झाडली.

"रविवारी शाळेच्या पोरांची मॅच आहे," ते म्हणाले. "सकाळची. वेळेवर ये." आणि गेले. पास झालीस असं काही ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

ते दिसेनासे होईपर्यंत मी ताठ बसले. मग लंगडत एसटी स्टँड गाठला. गाडीत एका बाईंनी विचारलं, पायाला काय झालं. मी सांगितलं, मागाच्या पट्ट्यात सापडला.

घरी आले तेव्हा आप्पा जेवायला बसणार होते. दारातूनच त्यांनी माझी चाल बघितली. ताट बाजूला सारून ते भिंतीला टेकून खाली बसले, सूत कापायची कात्री मागून घेतली आणि मांडीवर हात थोपटला.

"पाय हिकडं कर."

मी केला. त्यांच्या मांडीवर माझा चिखलाचा बूट ठेवला आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मी विचारच केला नव्हता. त्यांनी बुटावरच्या एकेक डोळ्यापाशी दोरी कापत नेली. कापलेला तुकडा बोटांत चोळला, वास घेतला.

"कांजी भिजली. पाणी लागणार हाय म्हणून सांगायचं न्हाईस होय? माग काय भिजतोय व्हय कधी?"

"फुटबॉल भिजतो आप्पा."

"मग मला काय ठावं?" ते म्हणाले आणि बूट अलगद ओढून काढला. पायावर दोरीची जाळी उमटली होती. आप्पा पाय चोळत राहिले आणि आई गरम पाणी घेऊन आली. मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. पाय पुढे करण्यात लाज असते, ही गोष्ट मला त्या जिन्याखालच्या खोलीत जायच्या आधी माहीतच नव्हती. ती मला सरांनी दिली होती, आणि मी ती खरी धरून तिच्यासाठी मोटर शोधत फिरले होते.

तसले बूट मी पुन्हा केले नाहीत. दोरीला मेण लावून करता आले असते. मुश्ताकभाई पेनल्टी विसरून नवी मोटर द्यायलाही तयार होता. पण मला साधे लेसचे बूट आवडतात. दर मॅचच्या आधी जो कुणी जवळ असेल त्याच्याकडून मी ते बांधून घेते.

मागच्या सीझनची फायनल मी खेळवली. उत्तर वेस पुन्हा होतं, कॅप्टन नवा, आणि तोंडानं जुन्यापेक्षा तिखट. पहिल्याच हाफमध्ये मी त्याला वाद घालण्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं होतं. पहिल्या ओळीत खराडे सर बसले होते, आता हातात काठी घेऊन. दुसऱ्या हाफमध्ये बॉल बाहेर गेला आणि माझी लेस सुटली. लाइन्समन पलीकडच्या टोकाला होता. सगळ्यात जवळ तो कॅप्टन होता.

मी त्याच्यापुढं पाय केला.

त्यानं पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाय मागे घेतला नाही. तो हळूच गुडघ्यावर बसला.

"डबल गाठ मार," मी म्हटलं. "अजून बराच वेळ आहे."

त्यानं मारली. थोड्या वेळानं त्यानंच एका पोराला मागून पाय घालून पाडलं. मी पळत गेले, त्याच्यासमोर उभी राहिले, आणि दुसरं पिवळं कार्ड दाखवलं. मग लाल.

गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.